चोविसावी तोटी

बसच्या रांगेत एक निवृत्त मास्तर उभे होते. त्यांच्या पुढे बिअरच्या कारखान्यातून सुटलेल्या दोघी, नणंद आणि भावजय, हळू आवाजात बोलत होत्या.

“वहिनी, बाटल्या भरायचं मशीन किती वाजता सुरू करतात?”

“अडीचला. का गं? आज तूच धुतलंस ना?”

“हो. आधी औषधाचं पाणी फिरवलं, मग साधं. चोवीसच्या चोवीस तोट्यांतून.”

“मग तोंड का उतरलंय? औषध राहिलं नाही ना, ते पट्टी बुडवून बघितलंस ना?”

“तेवीस तोट्यांचं बघितलं.”

“आणि चोविसावीचं?”

“पट्ट्या संपल्या. तेवीस ठीक निघाल्या, म्हणजे तीही ठीकच असणार की!”

“वहीत काय लिहिलंस?”

“चोवीस.”

“अगं बये! त्या तोटीची बाटली कुणाच्या तरी घशाखाली जाणार आहे.”

“कामावरून काढतील हो मला. तुम्हीच सांगा ना साहेबांना.”

“मी कशी सांगू? वही मी लिहिली का? लाव फोन.”

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. दोन वीस. बस आली. दोघी हलल्या नाहीत. मास्तरही हलले नाहीत.

“हॅलो, साहेब? मशीन सुरू करू नका. चोविसावी तोटी... नाही साहेब, विसरले नाही. तपासली नाही आणि तपासली असं लिहिलं... हो. येते.”

“काय म्हणाले?”

“मशीन बंदच ठेवतो म्हणाले. मला परत बोलावलंय.”

“रागावले?”

“आवाजावरून कळलं नाही, वहिनी.”

“चल. फाटकापर्यंत मी येते.”