जागा असून नाही

नाही, तो नको. मघाशीच म्हटलं ना, लहान फ्रिज नकोच — माणसं तीन, बरोबर आहे, मी, आमचे हे आणि त्या तिकडे पंख्याखाली खुर्चीवर बसल्यात त्या, माझ्या थोरल्या जाऊबाई — म्हणजे तुमच्या हिशेबानं तिघांना हा मधला पुरतो, दूध, भाजी, थोडं उरलंसुरलं, कळलं मला. पण मला पुरायला नकोय, उरायला पाहिजे. तो कोपऱ्यातला उघडा बघू, दोन दारांचा. हां. किती ऐसपैस आहे. यातला एक अख्खा कप्पा रिकामा राहील ना आमच्याकडे? दोन राहतील? मग झालं तर.

माप आणलंय की. शिवणाच्या टेपनं घेतलंय — ओट्याच्या कडेपासून भिंतीपर्यंत, शिवाय मागं हवा खेळायला सोडायची ती जागा सोडून, आणि जिन्याचं वळणसुद्धा मापलंय, तुमची माणसं वर चढवताना मला शिव्या घालणार नाहीत. माप माझं चुकत नाही. शर्टाच्या कारखान्यात कॉलरी शिवायचे मी, लग्नानंतरही — कापणीच्या टेबलावर घेणार होते मला, तिथं एकही बाई नव्हती तेव्हा. राहिलं ते. जाऊ दे. कुलूप कुठंय याला?

नाही? असं कसं, पूर्वी तर सगळ्या फ्रिजांना असायचं. लहानाला आहे आणि मोठ्याला नाही, हे काय उलटंच. नाही हो, घरात लहान मुलं कुठली, एक मुलगी, तीही लग्न होऊन दुसऱ्या गावी. मग कुलूप कशाला, असं वाटतंय ना तुम्हाला? चेहऱ्यावर दिसतंय. आणि हळू बोलू नका, त्यांना ऐकू येत नाही एवढ्या लांबून, वर तो पंखा. बोला खुशाल. मी बोलतेच आहे.

आता असं बघा — आमचं एकत्र होतं तेव्हा घरात एकच फ्रिज. तो जाऊबाईंच्या माहेरून आलेला, म्हणजे त्यांचा. किल्ली कमरेला. माझी मुलगी झाली ती एवढीशी, हातावर मावेल अशी, डॉक्टर म्हणाले आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका. आणि मला कामावर जायचं होतं. मग सकाळी अंगावरचं दूध काढायचं, झाकणाच्या डब्यात घालायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं, सासूबाई दुपारी चमच्यानं पाजायच्या. डबा केवढा? ही तुमची काड्यापेटी असते ना, तशा दोन एकावर एक ठेवल्या तर, तेवढा. एक दिवस आले तर डबा खिडकीत. उन्हात. म्हटलं, जाऊबाई, हे असं का? तर म्हणाल्या, जागा नव्हती गं, कलिंगड ठेवलंय. खरंच होतं कलिंगड. मला पटलं. मी आपली खुळ्यासारखी दुसऱ्या दिवशी आणखी लहान डबा घेतला.

मग? मग काय, परत खिडकीत. त्या दिवशी फ्रिज उघडा राहिला होता चुकून. मी आत बघितलं. मधला कप्पा रिकामा. काही म्हणजे काही नाही, नुसती जाळी आणि दिवा. मी बघतेय हे तिनं बघितलं — बघितलं आणि दार लावलं, किल्ली फिरवली, म्हणाली, माणसाचं दूध माझ्या अन्नाशेजारी नको, मला किळस येते. त्याच दुधानं पोरीचं पोट बिघडलं. सासूबाईंनी वास न घेता पाजलं होतं, त्यांना तरी काय बोलणार. दवाखान्यात सलाईनला शीर सापडेना तिची. वाचली. वाचली म्हणून तर आज फोनवर मलाच सांगते, आई, फ्रिज मोठाच घे गं, मोठ्या आईचं इन्सुलिन ठेवायला लागेल. मोठी आई म्हणते तिला. पोरीला काही माहीत नाही, आणि मी कधी सांगितलं नाही. काम सोडलं मी त्यानंतर, एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

आता आल्यात आमच्याकडे. दीर गेले, मुलानं राहतं घर विकलं, म्हणाला, आईसाठी चांगली जागा बघतो, तोवर काकाकडे राहू दे. बघतोय अजून. आमचे हे लगेच हो म्हणाले, वहिनीनं मला वाढवलंय म्हणाले. वाढवलं असेल. मला नाही वाढवलं.

जुना? जुना द्यायला नाही हो, त्याच्यावर काही सूट नको मला. तो गेला भंगारात. नाही, बिघडला नव्हता — म्हणजे, आवाज करायचा जरा. चालू होता. त्या यायच्या आदल्या दिवशी दिला मी. यांना सांगितलं, बंद पडला. म्हटलं, येऊ दे आता, फिरू दे औषधाची बाटली हातात घेऊन, विचारू दे मला, कुठं ठेवू. आणि काय केलं असेल तिनं? विचारलंच नाही. खालच्या औषधवाल्याला गाठलं, बाटली त्याच्या फ्रिजमध्ये, आणि सकाळ-संध्याकाळ कठडा धरून दोन जिने उतरते, त्याच्या दुकानात स्टुलावर बसून टोचून घेते, वर येते. हाश्शहुश्श सुद्धा करत नाही. मी विचारलं, जमतं का? तर म्हणते, जमतं की, तेवढंच पाय मोकळे होतात. आणि आम्ही इकडे रोज नासलेलं दूध ओततोय.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, फ्रिजच नसेल तर नाही कशाला म्हणणार. आणि लहान घेतला, गच्च भरला आणि नाही म्हटलं, तर काय — जागा नव्हती बिचारीकडे, असंच होईल. तिलाही तसंच वाटेल. मला जागा असून नाही म्हणायचंय. तिनं तो रिकामा कप्पा बघायला पाहिजे, दिव्यासकट. म्हणून हा. म्हणून कुलूप पाहिजे होतं — किल्ली माझ्याकडे, दिवसातून दोनदा तिनं मागायची. आता तुम्ही म्हणता कुलूप घ्यायचं तर जागा सोडा, जागा घ्यायची तर कुलूप सोडा. वरून कडी मारायची? नव्या फ्रिजला भोकं पाडू? हे विचारतील ना, कशाला म्हणून. नको. हाच द्या. कुलपाचं राहू दे, तोंड आहे मला.

असे बघू नका हो माझ्याकडे. तुमच्या पोरीचं दूध असं उन्हात — बरं, राहिलं. नाही बोलत.

उठल्या वाटतं. अहो, तुम्ही बसा ना जाऊबाई, मी येतेच आहे. काय? हो, हाच घेतेय. हो, मोठा आहे. उघडाच आहे, बघा की. तो खालचा भाजीचा, हा बर्फाचा... काय म्हणता? मोठ्यानं बोला जरा, पंख्यात कळत नाही.

औषधाला?

या दारात, अंड्यांच्या शेजारी म्हणता. एवढीशी बाटली. हो, ऐकलं मी.

नाही. नाही व्हायची जागा.

...

बघितलंत? बरं म्हणाली. ऐकलंत ना तुम्ही, बरं म्हणाली आणि वळली. रिकाम्या फ्रिजसमोर उभी राहून नाही ऐकलं आणि — का गं, एवढी जागा आहे की, असं तरी म्हणायचं. मी दोनदा म्हटलं होतं. मी भांडले होते तिच्याशी त्या दिवशी, सगळी आळी गोळा झाली होती. तिला ठाऊक आहे, सगळं ठाऊक आहे, त्याशिवाय अशी बरं म्हणाली असती? आणि खुर्चीवर जाऊन बसली बघा, पदर सावरून, जसं काही मी तिला... काय म्हणालात?

तुम्हाला कुणी विचारलं? तुम्ही फ्रिज विकता ना? मग पावती करा. उद्या सकाळी पाठवा, हे घरी असतात तेव्हा.

आणि ते दार लावा आधी.