हॉर्नच्या खाचेतला नवा फ्यूज

जबाब देणाऱ्यास सगळे ‘टेस्टर’ या नावाने ओळखतात. वय बावन्न वर्षे. धंदा, मोटारींचे इलेक्ट्रिकचे काम. राहण्याची जागा आणि गॅरेज एकच, उताराच्या वरच्या टोकाला, बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या मागे. शिक्षण दहावी, लिहिता-वाचता येते.

मी आपण होऊन ठाण्यात हजर राहून सांगतो की, वरील ठिकाणी मी पत्नीसह राहतो आणि सत्तावीस वर्षं हे काम करतो. मला कुणी बोलावलेलं नाही, कुणी पढवलेलंही नाही. उतारावरच्या अपघाताबद्दल माझा एक जबाब याच टेबलावर झालेला आहे. त्यात ‘गाडी माझ्याकडून निघाली तेव्हा तिच्यात काही दोष नव्हता’ असं मी सांगितलं होतं. ते खोटं होतं. खरं काय ते आज सांगतो.

अपघातातली पांढरी गाडी माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांची आहे. त्यांना आम्ही दाजी म्हणतो. माघारी सगळं घर त्यांना ‘पिपाणी’ म्हणतं, आणि हे त्यांनाही माहीत आहे. दाजींना हॉर्न वाजवल्याशिवाय गाडी चालवता येत नाही. वळण आलं की हॉर्न, कुत्रं दिसलं की हॉर्न, आणि काहीच दिसलं नाही तर रस्ता मोकळा आहे म्हणून हॉर्न. गॅरेजातून निघताना दोनदा वाजवतात, तो त्यांचा रामराम.

आजपासून बेचाळीस दिवसांपूर्वी, मंगळवारी, सकाळी पावणेदहा वाजता दाजी गाडी ढकलत माझ्याकडे आले. इंजिन फिरत होतं पण पकडत नव्हतं. ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन आदल्या दिवशी झालं होतं आणि तिला अकरा वाजता दवाखान्यातून आणायचं होतं. मी स्टिअरिंगखालचं फ्यूजच्या डब्याचं झाकण काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला कुठल्या खाचेत कशाचा फ्यूज ते छापलेलं असतं. टाकीतून इंजिनला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचा फ्यूज चिमट्याने उपसून उजेडात धरला. आतली तार तुटून प्लॅस्टिक काळं पडलं होतं. फ्यूज उगाच उडत नाही, म्हणून वायर शोधली. सीटखाली पत्र्याला घासून ती उघडी पडली होती. तिला टेप गुंडाळली.

पंपाला पंधरा अँपिअरचा निळा फ्यूज लागतो. माझ्या डबीत लाल होते, पिवळे होते, निळा एकही नव्हता. कमी ताकदीचा टाकला तर लगेच उडतो, जास्तीचा टाकला तर फ्यूजऐवजी वायर जळते. अशा वेळी आमच्या धंद्यात उसनवारी करतात. त्याच गाडीतल्या, त्या घडीला अडणार नाही अशा खाचेतला तेवढ्याच ताकदीचा फ्यूज काढायचा आणि अडलेल्या खाचेत बसवायचा. मी हॉर्नचा काढून पंपाला बसवला. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्या मिस्त्रींचा एक नियम होता. उसनवारी केली की जळका फ्यूज शर्टाच्या खिशात ठेवायचा, आणि तो खिशात असेपर्यंत गाडीची किल्ली मालकाच्या हातात द्यायची नाही. खिशात टोचलं की आठवण राहते, असं ते म्हणायचे. सत्तावीस वर्षांत मी हा नियम मोडला नव्हता. त्या दिवशी जळका फ्यूज खिशात होता आणि किल्ली मी दिली.

मी विसरलो नव्हतो. साहेबांनी हे मला तीनदा विचारलं, म्हणून पुन्हा सांगतो. मी विसरलो नव्हतो. माझ्या मनात आलं की पिपाणीचा एक दिवस उपास होऊ दे. हे हॉर्न दाबतील, तो वाजणार नाही, चिडतील, संध्याकाळी ताईला घेऊन भांडायला येतील, तोवर मी निळा फ्यूज आणून ठेवीन आणि चहाबरोबर सगळे हसू. फाटकातून बाहेर पडताना ते दोनदा वाजवणार हे मला ठाऊक होतं. तिथेच बिंग फुटलं असतं. म्हणून मी खिडकीशी वाकून म्हणालो, “दाजी, आज वाजवू नका. समोरच्या घरात बाळ आत्ता कुठे झोपलंय.”

त्यांनी स्टिअरिंगवरचा हात लगेच उचलला आणि बोट ओठांवर ठेवून मान हलवली. पहिल्या गिअरमध्ये, आवाज न करता, हळूच गाडी बाहेर काढली. समोरच्या घरात कोणतंही बाळ नव्हतं. ते घर दोन वर्षं कुलूपबंद आहे. ती दहा वाजून पस्तीस मिनिटांची वेळ होती, कारण मी घड्याळ बघून एकटाच हसलो होतो.

मयत धारवाले काका यांना मी वीस वर्षं ओळखत होतो. चाकू-कात्र्यांना धार लावण्याचं चाक ते सायकलवर बसवून हिंडत. उतारावर ते सायकल हातात धरून चालत, कारण त्या वजनाला ब्रेक पुरत नसे. मागून हॉर्न आला की मागे न बघता ते उजवा हात वर करत आणि डावीकडे सरकत. कधी चुकलं नाही. गावातल्या सगळ्या गाडीवाल्यांना हे ठाऊक होतं. त्यामुळे काका पुढे दिसले की कुणी वेग कमी करत नसे, नुसता हॉर्न देत. दाजीही तेच करत आणि मीही तेच करत होतो.

अपघात मी डोळ्यांनी पाहिला नाही. गॅरेजपासून दीडशे-दोनशे पावलांवर, उताराच्या पहिल्या वळणाच्या अलीकडेच तो झाला, पण बंद पेट्रोल पंपाच्या आडोशामुळे ती जागा दिसत नाही. मला आधी चाकांचा आवाज आला आणि मग सायकलच्या घंटीचा, एकदाच. दाजींनी त्याच दिवशी सांगितलं की त्यांनी हॉर्न दाबला आणि काका सरकण्याची वाट पाहिली. मग पुन्हा दाबला. तोवर ब्रेक लागायला जागा उरली नव्हती. तिथल्या दोन्ही दुकानदारांनी सांगितलं की हॉर्न वाजला नाही. दोघंही खरं बोलत आहेत आणि दाजीही खरं बोलत आहेत.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सकाळी नऊ वाजता ठाण्यातून मला निरोप आला. आवारात आणून लावलेल्या गाड्यांच्या बॅटरीच्या वायरी सोडण्याचं काम नेहमी मीच करतो. मी गेलो. हवालदार किल्लीची नोंद करायला आत गेले. मी दार उघडून डब्याचं झाकण काढलं. हॉर्नची खाच पडलेल्या दातासारखी दिसत होती. माझ्याजवळ नवा निळा फ्यूज होता, दुकान उघडताच आणलेला. तो मी त्या खाचेत बसवला, झाकण लावलं, बॅटरी सोडली आणि हवालदारांच्या वहीत सही करून घरी आलो.

का बसवला, तर भीतीने. चोराच्या मनात चांदणं. त्या क्षणी मला दाजी आठवले नाहीत, ताई आठवली नाही, काका आठवले नाहीत. फक्त ती रिकामी खाच दिसत होती आणि ती भरायची होती. फ्यूज बसवल्यावर ती वस्तू चालवून बघितल्याशिवाय काम पुरं होत नाही. मी हॉर्न दाबला नाही.

गुरुवारी गाड्या तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी बॅटरी जोडून पाहिली आणि अहवालात ‘हॉर्न चालू स्थितीत’ असं लिहिलं. तेव्हापासून दाजी खोटे ठरले. ज्याने जन्मभर नको तिथे हॉर्न वाजवला त्याला हवा तिथे वाजवता आला नाही, असं लोक त्यांच्या तोंडावर बोलतात. मी हे चाळीस दिवस ऐकलं आणि मूग गिळून बसलो.

या चाळीस दिवसांत मी एकाही गाडीचा हॉर्न दाबलेला नाही. गिऱ्हाइकालाच दाबायला सांगतो आणि त्या वेळी बॉनेटच्या आड उभा राहतो. तरी दिसायचं ते दिसतंच. हॉर्न वाजला की रस्त्यावर एक हात वर होतो. बायको म्हणते तिथे कुणी नसतं. अपघाताच्या आदल्या दिवशी काकांनी माझ्या वायर सोलायच्या चाकूला धार लावली होती, आणि वापरत राहा, नुसता ठेवलास तर धार रुसते, असं बजावलं होतं. मी तो रोज वापरतो. तो अजून बोथट झालेला नाही. मला त्याची भीती वाटते, हे लिहून घ्यावं असं मी सांगितलं म्हणून लिहिलं आहे.

परवा, रविवारी, मी ताईकडे जेवायला गेलो होतो. दाजी आता फार बोलत नाहीत. ताटाच्या कडेवर अंगठा दाबून धरतात, सोडतात, पुन्हा दाबतात. ताई त्यांचा हात धरून बाजूला ठेवते आणि जेवण पुढे चालू होतं. जेवण झाल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, “तुला म्हणून सांगतो. मी हॉर्न दाबलाच नसेन. मला वाटलं असेल नुसतं.”

मी पान खाऊन घरी आलो. उद्या त्यांच्यावरचे कागद कोर्टात जाणार आहेत आणि ते तिथेही हेच कबूल करणार आहेत, असं ताईने सांगितलं. म्हणून आज आलो.

साहेबांच्या सांगण्यावरून जबाब मध्येच थांबवून आम्ही आवारात गेलो. पंच म्हणून समोरच्या झेरॉक्सवाल्याला बोलावलं. मी बॅटरी जोडली आणि डबा उघडून दाखवला. पंपाच्या खाचेतला फ्यूज जुना आहे, त्याचं प्लॅस्टिक शेजारच्या फ्यूजांसारखंच धुरकट आहे. हॉर्नच्या खाचेतला एकटाच नवा आहे, पाय चकचकीत. तो मी उपसला. साहेबांनी हॉर्न दाबला, वाजला नाही. त्यांनी आणखी दोनदा दाबला. मग किल्ली फिरवली तर इंजिन सुरू झालं. माझ्याकडचा जळका फ्यूज मी हजर केला, तो पाकिटात घालून मोहोर केली.

नंतर साहेबांनी नवा फ्यूज परत बसवायला सांगितला आणि मला म्हणाले, “आता तुम्ही दाबा.” मी दाबला. हॉर्न वाजला.

दाजी दर मंगळवारी हजेरीला येतात, तसे आजही आले होते. सही करून ते फाटकाजवळ पाठमोरे उभे होते. आम्ही काय करतोय हे त्यांना माहीत नव्हतं, मी त्यांना तोवर काही सांगितलेलं नव्हतं. हॉर्न वाजताच त्यांनी मागे न बघता उजवा हात वर केला आणि ते डावीकडे सरकले.

हे असं कधीपासून करतात, असं साहेबांनी मला विचारलं. मला माहीत नाही, ताईला विचारावं लागेल, असं मी सांगितलं. नवा फ्यूज पुन्हा काढून दुसऱ्या पाकिटात घातला.

हवालदारांनी वरचा मजकूर मला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितलं तसाच तो उतरला आहे. एका ठिकाणी त्यांनी ‘दाजींनी हात हलवला’ असं लिहिलं होतं. ते खोडून ‘हात वर केला’ असं करून घेतलं आणि खोडलेल्या जागी सही केली. बाकी बरोबर आहे.