डाव्या दाराखालचा गंज

सासरे : गाडी घासताय की भांडी, मास्तर?

जावई : गंज घासतोय, अण्णा.

सासरे : असा गोल गोल? फळा पुसतानाही माणूस एवढं गोल फिरत नाही. सरळ घासा, एका दिशेनं. आणि जोर कमी. पत्र्यानं तुमचं काही घोडं मारलेलं नाही.

जावई : व्हिडिओतला माणूस गोलच घासत होता.

सासरे : त्याचे हात बघितलेत का?

जावई : हातमोजे होते.

सासरे : मग झालं तर. अडतीस वर्षं गाड्या रंगवल्या मी, एकदाही हातमोजे घातले नाहीत. रंगाऱ्याचे डोळे बोटांत असतात. डोळ्यांवर पिशवी चढवल्यावर बघणार कशानं?

जावई : मग तुम्हीच बघा हात लावून. बॉनेटवरचे तिन्ही ठिपके झालेत.

सासरे : सरका. हा पहिला... बरा आहे. तिसराही चालेल. हा मधला काय केलाय? कडेला पायरी राहिलीये. नख अडकतंय इथे. पत्रा आणि रंग यांची गाठ कुठे पडते ते बोटाला कळता कामा नये.

जावई : लोक बॉनेटवरून नख फिरवत नाहीत, अण्णा.

सासरे : तुमच्या ओळखीतले नसतील फिरवत.

मुलगी : चहा पायरीवर ठेवलाय. रविवारी गाडी बघायला माणूस येतोय, तोपर्यंत ती अशी सोललेली ठेवू नका म्हणजे मिळवली.

सासरे : तुझ्या नवऱ्याच्या वेगानं तो माणूस येईल, बसेल आणि इथेच म्हातारा होईल.

मुलगी : अण्णा, सहा वर्षं झाली आता.

सासरे : गाडीला?

मुलगी : लग्नाला. आणि हे बघा, मी त्या गिऱ्हाइकाला सांगितलंय की गाडी माझ्या वडिलांनी स्वतः रंगवलीये. तुमचं नाव ऐकल्यावर म्हणाला, मग पत्र्याचं काही बघायलाच नको, वरचे ठिपके तेवढे नीट करून ठेवा.

सासरे : शहाणा माणूस आहे. माझं काम कधी परत आलेलं नाही.

मुलगी : माहीत आहे. चहा गार होईल.

जावई : कधीच नाही परत आलं?

सासरे : तुम्हाला शंका का? ऐका. गॅरेजात आम्ही सात जण होतो. काम परत आलं की सगळे एकमेकांकडे बोट दाखवायचे. म्हणून मी खूण ठेवायला लागलो. पत्रा चकचकीत घासून झाला की प्रायमर मारायच्या आधी खिळ्यानं तीन बारीक रेघा ओढायच्या. वरून कुणाला दिसत नाहीत. पण पुढेमागे कुणी खरवडलंच, तर कळावं हे कुणाच्या हातचं आहे.

जावई : आणि कळलं कधी कुणाला?

सासरे : खरवडायची वेळच आली नाही कुणावर. चला, चहा प्या आणि आता मागचं डावं दार घ्या. खाली एक फोड आलाय, शर्टाच्या बटणाएवढा. तुमच्यासारख्यालाही जमेल.

जावई : टेप लावतो आधी कडेनं.

सासरे : लावा. तेवढं तरी त्या व्हिडिओवाल्यानं बरोबर शिकवलं.

जावई : रंग सुटतोय, अण्णा. नुसता स्क्रूड्रायव्हर टेकवला तरी पापुद्रे निघतायत.

सासरे : निघणारच. फोड असतो तो. केवढं झालं?

जावई : बटणाएवढं नाही राहिलं. तळहाताएवढं झालं.

सासरे : पत्रा दिसला?

जावई : नाही. पिवळट भुकटी पडतेय.

सासरे : भुकटी? पुट्टी आहे ती. किती जाड आहे?

जावई : स्क्रूड्रायव्हर पेरभर आत जातोय. आणि त्याच्याखाली... त्याच्याखाली काही नाहीच. भोक आहे.

सासरे : पेरभर? अरे, कोण हा नालायक? सडलेला पत्रा कापायचा सोडून वर पुट्टी थापून मोकळा झाला. घरातला कचरा सतरंजीखाली लोटायचा आणि वर पाहुणे बसवायचे, त्यातली गत. असल्या माणसाला मी गॅरेजात झाडू मारायला ठेवला नसता.

जावई : घाईत असेल.

सासरे : घाईत चूक होते, मास्तर. ही चूक नाही, ही नियत आहे. गंज झाकणाऱ्याला घाई नसते, त्याला लाज नसते.

जावई : जाऊ द्या. आता काय करायचं ते सांगा.

सासरे : जाऊ कसं देऊ? ही जुनी गाडी लग्नात मी पुरती खरवडून रंगवून दिली होती तुम्हाला. म्हणजे हे नंतरचं आहे. कुठे घासलीत का दार? आणि मला न सांगता कुठल्या तरी स्वस्तातल्या गॅरेजात दिलीत?

जावई : नाही.

सासरे : आठवा. तुम्हाला स्वस्ताची आवड आहे.

जावई : ...दिली असेल कधी. आठवत नाही आता.

सासरे : बघा. कळलं मला तेव्हाच. सरका, कसली पुट्टी वापरलीये त्यानं बघू दे.

जावई : राहू द्या अण्णा, चष्मा आत आहे तुमचा.

सासरे : चष्मा कशाला लागतोय मला?

(सासरे उघड्या पुट्टीवरून बोटं फिरवतात. बोटं एका जागी थांबतात, पुन्हा तिथूनच फिरतात.)

सासरे : किती आहेत?

जावई : काय?

सासरे : मास्तर आहात ना? मोजा.

जावई : तीन.

सासरे : तुम्ही कधी बघितल्या?

जावई : पापुद्रे निघाले तेव्हाच.

सासरे : म्हणजे मी त्याला झाडू मारायला लावत होतो, त्याच्या आधी.

जावई : हो.

सासरे : आणि स्वस्तातल्या गॅरेजाचं कबूल केलंत ते?

जावई : तुम्हाला ते हवं होतं. शिवाय तेव्हा आईंचं दुखणं चालू होतं. तुमचं लक्ष नसेल.

सासरे : तिचं दुखणं दोन वर्षांनी सुरू झालं. मी हे थापत होतो तेव्हा ती तिथेच खुर्ची टाकून स्वेटर विणत होती. ठणठणीत. तिला कशाला मध्ये आणता?

जावई : मग?

सासरे : मग काय. आठवडाभर वेळ होता हातात. पत्रा सडलेला दिसला. कापून तुकडा बसवायचा तर दोन दिवसांचं काम. म्हटलं, गाडी चालवणार कोण? हा मास्तर. वाकून दाराखाली बघणार कोण? हा मास्तर. याला खडू आणि पुट्टी वेगळी ओळखता यायची नाही. थापली. खूण मात्र केली, हाताला सवय. पत्र्यावर करायची ती पुट्टीवर केली.

जावई : त्या गाडीत तुमची मुलगीही बसणार होती.

सासरे : तिचा विचार डोक्यात आला नाही. तेव्हा डोक्यात फक्त तुम्ही होतात.

जावई : आता त्या दाराशी तुमची नात बसते.

सासरे : माहीत आहे कोण बसतं ते.

जावई : मी शाळेत सगळ्यांना सांगायचो, अण्णा. सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं रंगवून दिलेली गाडी आहे म्हणून. तुम्ही मला काहीही बोलायचात, मी म्हणायचो, असू दे, गाडी तरी मनापासून दिलीये त्यांनी.

सासरे : मूर्ख होतात.

जावई : हो. आज कळलं.

मुलगी : अहो, त्या माणसाचा फोन आलाय. रविवारऐवजी उद्याच येऊ का विचारतोय. खाली पत्रा चांगला आहे ना? काय सांगू?

जावई : सांग त्याला की...

सासरे : तुम्ही थांबा. डावं मागचं दार खालून सडलंय म्हणावं. रंगवणाऱ्यानं पुट्टी लावून झाकलं होतं.

मुलगी : कुठल्या रंगवणाऱ्यानं?

सासरे : तू ज्याचं नाव सांगितलंस त्यानंच.

मुलगी : अण्णा, हे काय बोलताय?

सासरे : मराठीत बोलतोय. नाव घेऊन सांग त्याला. आणि म्हणावं, दुरुस्त करून मिळेल, पुढच्या रविवारी ये. नसेल यायचं तर राहिलं.

मुलगी : ...बरं. सांगते.

जावई : एवढं नावानिशी सांगायची गरज नव्हती.

सासरे : तुमच्या डोक्यानं वागायचे दिवस अजून आले नाहीत माझ्यावर. पत्रा कापायची कात्री माझ्या पेटीत आहे, आणा. सडलेलं आज काढून टाकू, उद्या वेल्डिंगवाला येऊन तुकडा बसवेल.

जावई : आणली. घ्या.

सासरे : मला कशाला देताय? या वयात कात्री दाबवत नाही मला. तुम्ही कापा. मी शिव्या देतो.

जावई : इथून?

सासरे : आणखी मागून. चांगला पत्रा लागेपर्यंत मागे जा. पुट्टीला दया दाखवू नका, ज्यानं लावली त्यानं दाखवली नव्हती.

जावई : आणि तुकडा बसल्यावर, प्रायमरच्या आधी, त्या तीन रेघा नेमक्या कुठे ओढायच्या?

सासरे : तीन नकोत. तुझी काय असेल ती खूण कर.