केशरी रकाना

प्राची : थांबा राजदीपभाऊ. स्वस्त कुठली, हे मी विचारलंच नाही.

राजदीप : अहो वहिनी, तक्ता तर पूर्ण बघा. जाहिरातीच्या तीन सेवा, तीन रंग. माणूस फोनवर काहीतरी शोधतो, आपली जाहिरात वर येते, त्यानं बोट लावलं की आपले पैसे कटतात. निळीत एका क्लिकला अकरा रुपये, हिरवीत सात, केशरीत साडेतीन. तुमच्या केळीच्या पिठाला इतकं स्वस्त गिऱ्हाईक सावद्याच्या बाजारातही मिळायचं नाही.

प्राची : केशरीतले लोक कोण आहेत?

राजदीप : बाळांच्या आया. आपलं गिऱ्हाईक तेच ना?

प्राची : काय शोधत होत्या त्या?

राजदीप : ते आतल्या पानावर असतं. चहा सांगू?

प्राची : चहा नको. आतलं पान उघडा. ओवी, वायर सोड. सोड म्हटलं ना, तोंडात नाही घालायची.

राजदीप : आज एवढ्या का तापलात? किरण काही बोलला का?

प्राची : किरण धुळ्याला ड्यूटीवर आहे, त्याला अजून पत्ताही नाही. तुम्ही त्याचे मित्र, म्हणून तर जाहिरातीचं सगळं तुमच्यावर सोडलं होतं. सकाळी शिरपूरकडच्या एका खेड्यातून बाईचा फोन आला. रूपा नाव. पीठ कधी येईल, ताई? म्हटलं, परवा. मग हळूच म्हणते, लवकर नाही का होणार, दोन दिवस झाले पोराला जुलाब आहेत. सात महिन्यांचं पोर, भाऊ! पाणीसुद्धा पोटात ठरत नाही, आणि ही माझ्या पुड्याची वाट बघत बसलीये.

राजदीप : अरे बाप रे. मग?

प्राची : मग काय, ओरडले तिच्यावर. पीठ राहू दे, आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठ म्हटलं. तेवढ्यात फोन कट झाला. तेव्हापासून बारा वेळा लावला. बंद.

राजदीप : रेंज नसेल. तिकडे डोंगराकडे असंच...

प्राची : रेंज नसेल, नाहीतर आणखी काही असेल. पान उघडा.

राजदीप : हे घ्या.

प्राची : "बाळाला जुलाब घरगुती उपाय." "बाळ पाणी ओकते." "बाळाचे जुलाब थांबत नाही काय द्यावे." "गावात डॉक्टर नाही बाळ..." भाऊ! हे शब्द विकत घेतलेत तुम्ही? माझ्या नावानं?

राजदीप : मी नाही घेतले. केशरीत "आपोआप शब्द" असं एक बटन असतं. आपलं पान वाचून ती सेवाच शब्द ठरवते. आपल्या पानावर तुमच्या सासूबाईंचा व्हिडिओ आहे ना...

प्राची : त्यात आईंचा काय संबंध?

राजदीप : व्हिडिओखाली त्यांचंच वाक्य टाकलंय आपण. "पोरेसनं पोट बिघडनं तरी आम्ही हाईच देऊत." लोकांना ते आवडलं. मशीनलाही आवडलं.

प्राची : बिघडल्या पोटाला आईंनी हेच पीठ दिलं असेल. पण नशिराबादच्या घरात, चार जाणत्या बाया आजूबाजूला असताना. पोर जरा मलूल दिसलं की सासरे सायकल काढून डॉक्टरकडे पळायचे. ते दिसतं का व्हिडिओत? मशीनला नाही कळत, मान्य. तुम्हाला तर कळतं. हे पान तुम्ही पाहिलंच नव्हतं?

राजदीप : पाहिलं होतं.

प्राची : आणि?

राजदीप : आणि काय वहिनी, विक्री तिथूनच होत होती. निळीवरचं गिऱ्हाईक दहा दुकानं हिंडतं, भाव बघतं, निघून जातं. घाबरलेली आई लगेच ऑर्डर देते.

प्राची : परत म्हणा. ओवीकडे बघून म्हणा.

राजदीप : मला तसं नव्हतं म्हणायचं.

प्राची : तसंच म्हणायचं होतं. फेब्रुवारीत ही तापानं फणफणली होती, तेव्हा एका हातानं हिच्या कपाळावर पट्टी धरून दुसऱ्या हातानं मीही फोनच चाळत होते. त्या वेळी कोणी राख विकली असती ना, तर तीही मागवली असती. आणि तेव्हा तुमच्यासारखाच कोणीतरी कुठेतरी चहा पीत म्हणाला असेल, ही साडेतीनला पडली.

राजदीप : बोला, ऐकून घेतो. पण यादी मी तुम्हाला पाठवली होती. हे बघा, दहा तारीख. तुम्ही 'ठीक' म्हणून अंगठ्याचं चित्र पाठवलंय.

प्राची : दाखवा... सव्वाआठ. तेव्हा हिला भरवत होते मी. उघडलीसुद्धा नव्हती.

राजदीप : मी दोष नाही देत तुम्हाला.

प्राची : द्या की. मला द्या, अर्धा तुम्ही घ्या. पण आधी एक सांगा. या शब्दांवर आमची जाहिरात दाखवू नका, असं यातल्या कुठल्या सेवेला सांगता येतं?

राजदीप : तिन्हींना.

प्राची : तिन्हींना! मग तुमच्या एवढ्या रंगीत तक्त्यात तो रकाना कुठाय?

राजदीप : कोणी विचारतच नाही हो.

प्राची : मी विचारतेय. लिहा. जुलाब, उलटी, ताप, ओकते. "थांबत नाही" लिहा, "डॉक्टर नाही" लिहा. हगवणही लिहा, बाया काय पुस्तकी भाषेत शोधतात? ते बटन बंद करा. आणि व्हिडिओखालची ओळ काढा, आईंना मी समजावते.

राजदीप : क्लिक निम्म्याच्याही खाली येतील. पुडे पडून राहतील घरात.

प्राची : राहू द्या. थालीपिठं लावून खाऊ वर्षभर.

राजदीप : मग असं करू? "उपवासाचं पीठ" यावर लावू. निळीत. महाग पडेल पण.

प्राची : लावा. उपवासवाला भाव विचारतो, दहा दुकानं हिंडतो. हिंडू दे त्याला.

(प्राचीचा फोन वाजतो. ती स्पीकर लावते.)

प्राची : हॅलो, रूपा? अगं कुठे आहेस तू?

रूपा : शिरपूरले, ताई. दवाखानामा. बॅटरी उतरी गयी व्हती. पोऱ्याले सलाईन लायेल शे.

प्राची : कसा आहे तो?

रूपा : आत्ते डोया उघडात. डॉक्टर माले भलतं बोलनात, ताई.

प्राची : मला बोलायला हवं होतं त्यांनी. पण दोन दिवस तू थांबलीस कशी गं? त्याच फोनवर दवाखान्याचा नंबरही दिसला असेल ना?

रूपा : तुमनं नाव सगळास्ना वर व्हतं ना, ताई. म्हनीसन मी खाले देखंच नही.