नवसाचा ट्रक

नवस बोलायचा तर आधी आपला नवरा नीट बघून घ्यावा आणि मग बोलावा, हे मला कुणी म्हणजे कुणी सांगितलं नाही हो! मेणबत्ती बोलले असते, लावून मोकळी झाले असते. नऊ शुक्रवार बोलले असते, नऊ शुक्रवार काय, बघता बघता सरतात! पण नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्या कथबर्टचं हृदय उघडून डॉक्टर आत हात घालून उभे, आणि मी बाहेर इस्पितळाच्या जिन्यात जपमाळ घेऊन बसलेली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘मारियामाते, याला घरी आण, वॉकिंग डेच्या मिरवणुकीत मी तुला याच्या ट्रकवरून मिरवीन!’

ट्रकवरून!

अहो, ट्रक होता कुठे? एकोणीसशे बावन्न सालचं ते धूड, आमच्या घरामागच्या शेडमध्ये बारा वर्षं सुटं होऊन पडलेलं. चाकं एका भिंतीला, इंजिन दुसऱ्या भिंतीला, आणि मधोमध आमचा कथबर्ट खुर्ची टाकून चहा पीत दोघांकडे आळीपाळीनं बघणार. ‘अजून काय राहिलंय रे?’ असं विचारलं की बारा वर्षं एकच उत्तर. ‘झालंच गं पोरी, आता एकच राहिलंय!’ पोरी म्हणतो मला. अडुसष्टावं लागलंय मला.

पण मातेनं तिचा शब्द पाळला ना! आणलं याला घरी, धडधाकट. आता पाळायची वेळ माझी. आणि मी काय केलं, आनंदाच्या भरात रविवारच्या मिस्सेनंतर चर्चमध्येच सगळ्या गावासमोर सांगून टाकलं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाजवणारच, कारण आमच्या ब्रॅकनशॉची, इंग्लंडातल्या या एवढ्याशा गावाची, दर जूनची ही मिरवणूक दोन वर्षं बंदच पडली होती. मूर्ती खांद्यावर घेणारे चार जण, आणि चौघांत मिळून धड गुडघे तीन! फादर एमेका तर माझे दोन्ही हात धरून म्हणाले, ‘विनिफ्रेडबाई, म्हणजे या जूनला आपण निघणार!’ नायजेरियाचे आहेत ते, त्यांच्या तोंडात ‘कदाचित’ हा शब्दच नाही.

तो जून गेला. पुढचा जून गेला. आता एकच राहिलंय!

आणि ते एक म्हणजे काय असायचं, सांगते. सात बोल्ट. जुन्या मापाचे. दुकानात बोल्ट मिळतात हो, पोत्यानं मिळतात, पण ते नव्या मापाचे! ‘नव्या मापाचा बोल्ट लावला तर ट्रक चालायचा नाही का?’ मी विचारलं. ‘चालेल.’ ‘बाहेरून दिसेल का?’ ‘नाही दिसणार.’ ‘मग?’ तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मिस्सेच्या वाइनऐवजी कोकाकोला चालेल का म्हणून विचारलंय. ‘अगं पोरी, मग तो खोटा होतो!’ गेला सात बोल्टांसाठी दोनशे मैल, आणि आला सहा घेऊन.

माझ्या स्वयंपाकघराचं तर विचारूच नका. इंजिनातली ती जाड नळकांडी, ती गार केली की आकसतात म्हणे आणि मग घरात सहज उतरतात. कुणाच्या घरात? तर इंजिनाच्या! पण आकसायला कुणाच्या घरात? माझ्या फ्रीजरमध्ये, वाटाण्यांच्या शेजारी! आणि बेअरिंग तापवलं की फुगतं, म्हणजे ओव्हनही गेला. एकदा फादर जेवायला आलेले, मी मोठ्या ऐटीत ओव्हनचं दार उघडते, कोकराची तंगडी बाहेर काढायला… तर आत ताटात बेअरिंग! आणि तंगडी? तंगडी शेडमध्ये, हत्यारांच्या बाकावर, झाकून ठेवलेली, ‘दहाच मिनिटं गं, जागा हवी होती!’ फादर हसून हसून टेबलावर आडवे. म्हणाले, ‘मी प्रार्थना दोन्हीसाठी म्हणतो.’

पण तुम्हाला खोटं कशाला सांगू, मलाही गोडी लागली हो! कुठला पाना हवा ते तो हात पुढे करायच्या आधी मला कळायला लागलं. आणि गेल्या मार्चमध्ये दाराचा रंग खरवडायला बसलो दोघं, ओल्या पॉलिश पेपरनं, हळू हळू… हिरवा गेला, त्याखाली दुधी, त्याखाली निळा, निळ्याखाली लाल. आणि लालावर अक्षरं! फिकी, सावलीसारखी. एकेक अक्षर वर येतंय! इतकी वर्षं आम्हाला ठाऊकच नव्हतं हा ट्रक पहिल्यांदा कुणाचा ते. माझ्या मनात आलं, बेकरीवाल्याचा असेल. फुलवाल्याचा असेल. काय सांगावं, मारियामातेचीच काही योजना असेल!

कथबर्टनं चष्मा पुसला आणि वाचलं. ‘जोसाया पिलिंग आणि पुत्र. हाडं, चरबी आणि डुकरांचं खाद्य.’

मी हातातला कागद टाकून दिला.

‘झाकशील ना रे यावर रंग?’ ‘झाकू?’ तो म्हणाला. ‘विनी, हा ट्रक ज्याचा होता त्याच्याच नावानं रस्त्यावर येणार. बोल्ट खरे आणि नाव खोटं?’ आणि केलं काय? इंजिन अजून जमिनीवर, ब्रेकचा पत्ता नाही, आणि यानं जुन्या पद्धतीनं हातानं पाट्या रंगवणारा म्हातारा बोलावला. चहाचा कप धरला की हात थरथरणार, पण ब्रश धरला की दगड! सहा आठवडे तो आणि त्याचा सोन्याचा वर्ख! दोन्ही दारांवर, आणि मागे सामानाच्या फळीच्या दोन्ही अंगांना वीतभर उंचीची अक्षरं. डुकरांचं खाद्य. सोन्यात!

ॲग्नेस रिमर बघायला आली. ॲग्नेस म्हणजे आमच्या चर्चच्या मातृसंघाची अध्यक्ष, फुलांचा सगळा कारभार तिच्याकडे. ती अक्षरं वाचत वाचत ट्रकाला प्रदक्षिणा घालून आली आणि म्हणाली, ‘विनी, चरबीवर? स्वर्गाची राणी… चरबीवर?’

मला रडूच फुटलं. नवस फेडायचा म्हणून धडपडतेय आणि तो असा फिटणार? फेडला नाही तर शब्द मोडला, आणि असा फेडला तर तिचा अपमान! फादरना विचारलं. ते म्हणाले, ‘आमच्याकडे प्रत्येक ट्रकावर एवढं लिहिलेलं असतं की वाचेपर्यंत ट्रक पुढच्या गावी पोचतो. तुमचं तर दोनच ओळींत आटपलंय.’ ॲग्नेस काही हसली नाही. तिनंच तोडगा काढला. कागदी गुलाब! चौदाशे गुलाब करायचे, जाळीत ओवायचे, आणि अक्षरांवरून सोडायचे. सगळ्या बाया कामाला लागल्या. कथबर्ट मात्र त्या दिवसापासून चहा पिताना ट्रकाकडे पाठ करून बसायला लागला. मला ते बघवत नव्हतं हो… पण नवस माझा होता ना!

आणि आला तो रविवार! जून, ऊन, बँड, पांढऱ्या फ्रॉकातल्या मुली, ट्रकाच्या फळीवर निळ्या वस्त्रातली मारियामाता चारी बाजूंनी दोरानं बांधलेली, आणि चौदाशे गुलाब. मी पुढे, कथबर्टच्या शेजारी, जपमाळ घेऊन. ‘सगळं झालं ना रे?’ ‘झालं गं, आता एकच राहिलंय.’ ‘काय?’ ‘सुरू व्हायचं.’

कळ दाबली. घर्र… नाही. दुसऱ्यांदा. घर्र… नाही! तिसऱ्यांदा एकदम ढग्, मग ढग्-ढग्, आणि असा काळा धूर की अख्खा बँड दिसेनासा झाला, आणि त्या धुरातून लोकांचा जल्लोष! आणि तुम्हाला सांगते, ते इंजिन काय चालतं! सावकाश, एकेक ठोका मोजून घ्यावा असं. पहिल्या गिअरमध्ये त्याची चाल म्हणजे बरोबर माणसाची चाल. एका ठोक्याला एक शब्द, ‘नमो मरिये कृपापूर्णे’, मागून दोनशे माणसं म्हणतायत आणि खालून इंजिन साथ देतंय!

पण ठोका सावकाश म्हणजे हादरा मोठा. अख्खा ट्रक डुलतोय, दारं डुलतायत, माझे दात डुलतायत! आणि कोपऱ्यावर वळलो तशी ॲग्नेसची किंकाळी. जाळी सुटली! आधी एक गुलाब, मग दहा, मग सगळी माळच रस्त्यावर, आणि वर उन्हात लखलख लखलख… हाडं, चरबी आणि डुकरांचं खाद्य!

मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, माते, क्षमा कर. तेवढ्यात पदपथावरून आवाज. खुर्चीत बसवून आणलेली एक म्हातारी, नव्वदीची, काठीनं ट्रककडे दाखवत ओरडतेय, ‘पिलिंग! पिलिंगचा ट्रक! माझा बाप तिथं हाडं फोडायचा गं! बत्तीस वर्षं! आमच्या कपड्यांना वास यायचा म्हणून शाळेत माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही… आणि आता बघा कोण बसलंय पिलिंगच्या ट्रकवर!’ रडतेय, हसतेय. कथबर्टनं ट्रक थांबवला. म्हातारीनं हात लांब करून ती सोन्याची अक्षरं चाचपली, मग मूर्तीकडे बघून क्रुसाची खूण केली. आणि मग एकेक जण पुढे! ‘माझा आजा चरबीच्या कढईवर होता!’ ‘माझा काका हाच ट्रक हाकायचा!’ मी मागे वळून बघितलं तर ॲग्नेस रिमर रस्त्यावरचे गुलाब गोळा करून मूर्तीच्या पायाशी ठेवतेय. अक्षरं मोकळी सोडून!

फिटला! म्हटलं, नवस फिटला माझा! असा आनंद, असा आनंद… आणि चर्चच्या चढावर इंजिन खोकलं.

एकदा. दोनदा. गती मंदावली. मागे मारियामाता, तिच्यामागे दोनशे माणसं, आणि चढ असा की ट्रक मागे आला तर… कथबर्टचा चेहरा पांढरा, हाताच्या शिरा फुगलेल्या. मी जपमाळ घट्ट धरली, तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारून आवाज. याचा! चाळीस वर्षांत चर्चमध्ये ज्यानं ‘आमेन’च्या पुढे शब्द काढला नाही, तो मोठ्यानं बोलला, ‘मारियामाते, एवढा चढ चढव, तुझ्यासाठी आणखी एक ट्रक उभा करीन!’

आणि चढलं हो ते! ढग्-ढग्-ढग् करत थेट दारापर्यंत!

परवा गुरुवारी आला तो. कुणा शेतकऱ्याकडे तीस वर्षं काटेरी झुडपात उभा होता, झुडपासकटच आणलाय. केबिन नाही. इंजिन आहे म्हणतात, मला दिसलं नाही. माझ्या वाटाण्यांच्या वाफ्यात उभा आहे. मी काही बोलायच्या आत हा म्हणतो, ‘अगं पोरी, नवस आहे!’ आता नवसाला मी नाही म्हणू? मी? तिनं काम केलं, आता याला फेडायलाच हवं, आणि याचा फेडायचा तर पाना द्यायला मीच!

तेव्हा तुम्हाला हात जोडून सांगते, तुम्हीही नवस बोला. अगदी मनापासून बोला, ती ऐकते, माझ्या घरात दोनदा ऐकलंय तिनं. आणि तुमच्यापाशी मागण्यासारखं काही नसेल, सगळं सुखाचं असेल, तर आमच्यासाठी मागा. मागचा एक्सल, डाव्या बाजूचा… आणि हो, जुन्या मापाचा.