रोहण्याचं पाणी

संकटातही माणसाची आशा टिकून राहते, असे थोर लोक सांगतात. आर्वीच्या गॅरेजात टँकरवाल्या प्रेमदासची आशा मिस्त्रीने ऑइलची पट्टी बाहेर काढेपर्यंत टिकली.

"ऑइलचा चहा झाला भाऊ. आत पाणी शिरलं. हेड तडकलं असन, इंजिन उतरवा लागते."

"नुसतं गॅसकिट बदलून पाहा ना. एकच टँकर आहे माहा."

"गरम झाल्यावर थांबला काऊन नाई?"

"थांबलो ना. रेडिएटर कोरडं होतं. मंग तसाच रोहण्यापर्यंत रेटला. तवापासून झटके मारून राह्यला."

"अन् मागं टाकीभर पाणी. त्यातलं बकेटभर टाकलं नाई?"

"ते गावाचं पाणी होतं. मले वाटलं, बाया गुंड-घागरी घेऊन उभ्या असतीन."

"होत्या काय?"

"नाई. सकाळीच नळ आलते."