एक सुरी कमी आहे

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे व्यवस्थापक साहेब, विमान कंपनीतर्फे वेळात वेळ काढून आलेले पाहुणे, हातातला पुष्पगुच्छ ठेवावा कुठे या विचारात पडलेल्या आजच्या सत्कारमूर्ती, पहिल्या रांगेत बसलेली त्यांची लेक, आणि कुणी ड्यूटी संपवून तर कुणी ड्यूटीवर जाता जाता इथे टेकलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी भाषण करणारा माणूस नव्हे. मी जेवणाची गाडी चालवतो. किचनमधून भरलेल्या ट्रॉल्या घ्यायच्या, विमानाच्या पोटाशी जायचं, गाडीचा डबा वर उचलून दाराला लावायचा आणि माल आत ढकलायचा, एवढंच माझं काम. साहेबांनी मला बोलावून सांगितलं की दोन शब्द बोला, गोड बोला आणि जुनं काही उकरू नका. मी हो म्हणालो. खरंच सांगतो, घरून गोडच भाषण पाठ करून आलो होतो. पण मंचावर चढताना हे केकचं टेबल जवळून दिसलं आणि पाठ केलेलं सगळं मी बाजूला ठेवलं. म्हणून आधी एक नम्र विनंती करतो. माझं बोलणं होईपर्यंत केक कुणी कापू नये आणि टेबलावरचं काही हलवू नये. का ते कळेलच.

तर आपल्या सत्कारमूर्ती. नाव कंपनीच्या दप्तरात असेल, आपण सगळे यांना आत्याबाई म्हणतो. वयाने माझ्याहून लहान आहेत, तरी मीसुद्धा आत्याबाईच म्हणतो, कारण रागावतात तशाच. टोपीबाहेर एक केस दिसला की माणसाला दारातून परत पाठवायच्या. माझ्या गाडीच्या डब्यात बोट फिरवून ते माझ्याच नाकासमोर धरायच्या. तोंडाने फटकळ, हे त्यांची लेकही मान्य करेल. बघा, हसली.

पाहुण्यांना आमच्या किचनची एक गोष्ट ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. तिथे भिंतीवर एक फळी आहे आणि तिच्यावर प्रत्येक सुरीची ठरलेली जागा आहे. आत्याबाईंनी सकाळी सुऱ्या मोजून द्यायच्या, काम संपलं की मोजून परत टांगायच्या. मोजणी पुरी झाल्याशिवाय गाडी सोडायची नाही. हरवलेली सुरी कुठल्या ट्रॉलीत, कुठल्या ताटाखाली विमानात गेली, तर पुढे काय होईल ते मी बोलायला नको. फळीवर सगळ्यांत शेवटी एक छोटी सुरी असायची. धार लावून लावून झिजलेली, पातं अगदी निमुळतं. तिची हिरवी मूठ एकदा माझ्याच गाडीच्या दारात चेमटली होती आणि तिचा टवका उडाला होता. तिला बदला म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं. आत्याबाईंनी ऐकलं नाही. कोथिंबीर हिच्यासारखी कुणी चिरत नाही म्हणायच्या. तिला त्या धाकटी म्हणत.

साहेब, मी येतोय मुद्द्यावर. चिठ्ठी मिळाली मला, वेळेचं ध्यानात आहे. पण विमान थांबवलेल्या बाईचा निरोप आहे, तिच्यासाठी आपण चार मिनिटं थांबलो तर काय बिघडलं?

गेल्या हंगामातली ती दुपार इथल्या बहुतेकांना आठवत असेल. त्या दिवशी वरच्या मजल्यावर, ऑफिसात आनंद होता. आपल्या गाड्या वेळेवर पोचतात म्हणून विमान कंपनीने आपलं कौतुक केलं होतं. आनंद व्हायलाच हवा होता. त्याच आनंदात खाली निरोप आला की गाडी सोडा, मोजणी मागाहून होईल. आत्याबाई नाही म्हणाल्या. तरी गाडी सुटली, कारण निरोप वरून आला होता. मी विमानाशी पोचलो, डबा वर नेला, दार उघडलं आणि पहिली ट्रॉली ढकलणार तोच माझा फोन वाजला. ना नमस्कार, ना चौकशी.

"डबा खाली घ्या. एक सुरी कमी आहे. धाकटी नाही जागेवर."

मी डबा खाली घेतला. विमानातून आरडाओरडा, जमिनीवरून आरडाओरडा, माझ्या फोनवर तर कोण कोण ओरडत होतं ते मला कळेना. सगळ्या ट्रॉल्या परत आल्या, सील तुटली, एकेक ताट उपडं झालं. सुरी मिळाली नाही. विमान रखडलं, माणसं उपाशी गेली आणि कौतुकाचं पत्र देणाऱ्यांनीच दुसऱ्या दिवशी आपली खरडपट्टी काढली.

मग चौकशी झाली. मी दाराबाहेर बाकावर बसलो होतो, माझीही पाळी होती. आत आत्याबाईंना विचारत होते, ती सुरी झिजलेली होती ना? मग आधीच मोडीत गेली असेल. सकाळी फळीवर होती हे कशावरून? पहिल्यांदा विचारलं तेव्हा आत्याबाई कडक आवाजात म्हणाल्या, मी स्वतः मोजली. पुन्हा विचारलं, तेव्हाही तेच म्हणाल्या. पण सारखं सारखं तेच विचारलं की माणूस किती तग धरणार? शेवटी आतून हळू आवाज आला. "असेल. माझंच चुकलं असेल."

त्या बाईच्या तोंडून हे वाक्य मी तोवर ऐकलं नव्हतं. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. त्यांना किचनमधून काढून विमानातल्या उशांच्या अभ्र्यांच्या घड्या करायला बसवलं. त्या कुणालाच रागवेनाशा झाल्या. आज मुदतीआधी निघाल्या आहेत, स्वतःच्या मर्जीने असं कागदावर आहे. पण आत्ता खाली लेक मला काय सांगत होती ते मी तिची परवानगी न घेता सांगतो. ती म्हणाली, "काका, आई हल्ली कुलूप लावून जिना उतरते आणि परत वर जाते. ओढून बघते. मग मला विचारते, मी लावलं होतं ना गं?"

आता केकच्या टेबलाकडे येतो. अध्यक्ष महोदय, बसून घ्या, माईक बंद करायला सांगू नका. मी कुणावर आरोप करत नाही. माझी समजूत एवढीच, की त्या दिवशी वर केक होता आणि कापायला काही नव्हतं. किचनमधून सुरी बाहेर न्यायची नाही, हा नियम खालच्यांना पाठ आहे, वरच्यांना नसेल. कुणीतरी उतरलं असेल, हाताला लागली ती नेली असेल. काम झाल्यावर धुऊन, पुसून ऑफिसच्या कपाटात ठेवली असेल, मेणबत्त्या आणि कागदी ताटल्यांच्या बाजूला. नेणाऱ्याला ते आठवतही नसेल. आणि आज निरोपाचा केक आला, तेव्हा त्याच कपाटातून ताटल्या निघाल्या आणि ही सुरीही निघाली. कुणीतरी हौसेने तिच्या मुठीला लाल फीत गुंडाळली आहे. पण पातं उघडं आहे. इतकं निमुळतं पातं मी एकच पाहिलं आहे.

आत्याबाई, तो गुच्छ लेकीकडे द्या आणि जरा इकडे या. फीत सोडा. सावकाश, घाई नाही. गाठ घट्ट असेल तर ओढा.

हं. आता मूठ वर धरा, मागच्यांना दिसू द्या. हिरवी आहे. आणि तो टवका माझ्या गाडीच्या दाराचा.

ती सकाळी फळीवर होती, आत्याबाई. दुपारी नव्हती. तुम्ही म्हणालात अगदी तसंच.

काय म्हणालात? मागे ऐकू गेलं नाही, मी सांगतो. आत्याबाई म्हणतात, "ही आधी खाली फळीवर पोचवा. केक चमच्याने कापू." आणि म्हणतात, सुरी घेऊन जाणाऱ्याने हात धुऊन जावं.

ऐकलंत ना? रागावल्या.

अध्यक्ष महोदयांनी मला बोलू दिलं, पाहुण्यांनी ऐकून घेतलं, तुम्ही सगळे इतका वेळ थांबलात, सर्वांचा मी ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनाने पदरात घ्या. आत्याबाईंच्या मोजण्यात झालं नव्हतं.